डेकचे तिकीट

ते – पन्नास हजार! दोन रात्री बोटीवर झोपायचे पन्नास हजार! आणि जायचं कुठं, तर गोव्याला. अगं, गोव्याला कोकणकन्या जाते. सावंतवाडीपर्यंत तर आपल्या दिव्याहून गाडी आहे. तेवढ्या पैशात आपण तीनदा गोवा करू आणि वर काजू घेऊन येऊ.

त्या – अहो, गोव्याला जायचंय असं मी कुठं म्हटलं? मला समुद्रावर जायचंय. गोवा वाटेत लागतो, त्याला माझा इलाज नाही.

या संवादातले दोघे डोंबिवलीचे आहेत, पण ती कुणी विशिष्ट माणसे नाहीत. वादाला दोन तोंडे हवीत म्हणून कल्पिलेली आहेत. गृहस्थ ६७ वर्षांचे, ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. बाई ६४ वर्षांच्या, अनुदानित शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. घराचे कर्ज फिटले आहे, मुलगा पुण्यात आहे, गृहस्थांच्या भविष्य निर्वाह निधीचे पैसे पोस्टात आहेत आणि बाईंची पेन्शन दरमहा बँकेत जमा होते. असे घर ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठल्याही सोसायटीत सापडेल. या वादात माझा कौल बाईंच्या बाजूने आहे, हे आधीच सांगून टाकलेले बरे. मात्र ‘जन्मभर कष्ट केले, आता जरा मजा करा’ हे त्यामागचे कारण नाही. ते वाक्य सहली विकणाऱ्याच्या तोंडी शोभते. माझे म्हणणे असे आहे की समुद्रप्रवास ही आपल्याकडे मुळात बेताच्या मिळकतीच्या माणसाचीच गोष्ट होती. ती मध्यंतरी बंद पडली आणि परत आली ती झगमगीत कपडे घालून. ते कपडे बाजूला सारले तर आतले तिकीट त्या माणसाला अजूनही परवडू शकते. फक्त ते विकत घ्यायची रीत त्याला नव्याने शिकावी लागेल, आणि काही आक्षेप खरे आहेत हे मान्य करूनच घ्यावी लागेल.

कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली ती जानेवारी १९९८ मध्ये. त्याआधी कोकणात जायचे ते घाट आणि खाड्या ओलांडत एस.टी.ने, नाहीतर बोटीने. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी बांधलेला धक्का १८४१ साली सुरू झाला आणि भाऊचा धक्का हे नाव मुंबईच्या तोंडी कायमचे बसले. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आणि नंतर इतरांच्या बोटी दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण अशी बंदरे घेत पणजीपर्यंत जात. स्वातंत्र्यानंतरच्या पिढीला ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ ही नावे आठवत असतील. बोटीवर केबिनही असत, पण चाकरमान्याचा केबिनशी संबंध नसे. त्याचे तिकीट डेकचे. डेकवर वळकटी पसरायची, ट्रंक उशाशी घ्यायची, भाकरी सोडायची आणि बोट लागली तर लिंबू हुंगत पडून राहायचे. बऱ्याच बंदरांत बोट धक्क्याला लागतच नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि माणसे, गाठोडी, आजारी म्हातारी, नवी नवरी, सगळी पडावात उतरून किनाऱ्याला जात. या प्रवासाला चैन म्हणण्याचे कुणाच्या स्वप्नातही आले नसते. ठाणे-डोंबिवलीतल्या कितीतरी कोकणी घरांचा मूळ पुरुष मुंबईत उतरला तो याच डेकवरून. आज त्याच्या नातवाला ‘क्रूझ’ हा शब्द ऐकला की झुंबरे आणि जुगाराची टेबले दिसतात. मधल्या काळात बोट बंद पडली आणि तिची आठवणही गेली, एवढाच त्याचा अर्थ.

ते – आठवणच काढायची तर सगळी काढ. रामदास बोट विसरलीस? १७ जुलै १९४७. रेवसला निघालेली, काशाच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेंच्या वर माणसं गेली. आमच्या आजीनं त्यानंतर बोटीत पाय ठेवला नाही.

त्या – आणि तुम्ही पस्तीस वर्षं ज्या लोकलच्या दारात उभे राहिलात, ती काय? उपनगरी रेल्वेवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारातली माणसं खाली पडली, ती आपल्यासारखीच कामाला निघालेली होती. तुमच्या जिवाला धोका होता तेव्हा मी रोज डबा भरून दिला. आता दोन दिवसांसाठी रामदास आठवते होय?

बाईंचे उत्तर झोंबणारे आहे, पण पुरेसे नाही; एका धोक्याने दुसरा धोका खोटा ठरत नाही. रामदास भर पावसाळ्यात, माणसांनी खच्चून भरलेली निघाली होती. आज पश्चिम किनाऱ्यावरचा पर्यटक जहाजांचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असा असतो, आणि पावसाळा लागला की जहाज दुसऱ्या किनाऱ्यावर हलवले जाते. २०२२ च्या जूनमध्ये एरवी मुंबईहून सुटणारे एक जहाज चेन्नईहून श्रीलंकेच्या फेऱ्या करत होते. म्हणजे कोळ्यांनी नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात न घालण्याचा जो नियम पाळला, तोच आता कंपन्याही पाळतात. बुडण्याचे भय म्हणूनच या वादात फारसे टिकत नाही. खरी भये निराळी आहेत, त्यांच्याकडे पुढे येऊ. आधी पैशांचे पाहू, कारण गृहस्थांचा जीव तिथेच अडकला आहे.

जहाजावरची खोली हा नाशिवंत माल आहे. जहाजाने धक्का सोडला की रिकामी राहिलेली खोली म्हणजे संध्याकाळी उरलेली मेथीची जुडी. तिचे मग काहीच येत नाही. म्हणून दिवाळी, नाताळ, मे महिना आणि लागून आलेल्या सुट्ट्यांत जी खोली चढ्या भावाने जाते, तीच शाळा चालू असताना मंगळवारी निघणाऱ्या फेरीत बरीच उतरते. नोकरी करणाऱ्याला मंगळवार परवडत नाही, त्याला शुक्रवारच हवा असतो. निवृत्तांकडे पैसा कमी असेल, पण मंगळवार भरपूर असतात. बाजाराने ज्या एका गोष्टीला सर्वांत जास्त किंमत लावली आहे ती, म्हणजे ‘केव्हाही चालेल’ म्हणण्याची मोकळीक, त्यांच्याकडे फुकट पडून आहे. दुसरे असे की जाहिरातीतला दर माणशी असला तरी तो खोलीत दोघे धरून काढलेला असतो. त्यामुळे जोडपे हे या धंद्याचे आदर्श गिऱ्हाईक ठरते. (एकट्या राहिलेल्या माणसाकडून मात्र जवळजवळ दोघांचे पैसे घेतले जातात. जोडीदार गेल्याचा हा दंडच म्हणायचा, आणि तो सांगताना कुणाला लाजही वाटत नाही.) तिसरी गोष्ट खिडकीची. खिडकी नसलेली आतली खोली सर्वांत स्वस्त असते, आणि जेवणघर, नाटकगृह, पोहण्याचा तलाव, वरचा डेक हे सगळे तिच्या पाहुण्यालाही तेवढेच खुले असते. झोपताना समुद्र दिसावा यासाठी जादा पैसे मोजणे हा शुद्ध वेडेपणा आहे. डोळे मिटलेलेच असतात.

याहून मोठी बचत आपल्या भूगोलात आहे. परदेशातल्या बंदरातून जहाज पकडायचे तर विमानाचे तिकीट, व्हिसा, आदल्या रात्रीचे हॉटेल असा खर्च जहाजावर पाय ठेवण्याआधीच होतो. मुंबईत हे बंदर बॅलार्ड पिअरला आहे, म्हणजे मध्य रेल्वे जिथे संपते तिथून टॅक्सीने काही मिनिटांवर. ठाणे ३४, डोंबिवली ४८, कल्याण ५४ किलोमीटर. लोकलचे दुसऱ्या वर्गाचे तिकीट वीस रुपयांच्या आत. जहाजावर चढायची वेळ दुपारची असते, तेव्हा मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बॅगेसह बसायलाही जागा मिळते. गोवा, कोची, लक्षद्वीप अशा देशांतर्गत फेरीला पासपोर्ट लागत नाही, सरकारी ओळखपत्र पुरते. २० सप्टेंबर २०२५ ला उद्घाटन झालेले तिथले नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल वर्षाला दहा लाख प्रवाशांसाठी बांधले आहे. त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर २०२४ मध्ये, केंद्राने ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केले आणि २०२९ पर्यंत प्रवासी दुप्पट करण्याचे ठरवले. एवढी मोठी शेड भरायची तर नुसत्या श्रीमंतांनी भरणार नाही, हे हिशेब करणाऱ्यांनाही ठाऊक असणार.

या धंद्याचा इतिहास मात्र सावधपणाच शिकवतो. २००५ च्या सुमारास ‘सुपरस्टार लिब्रा’ मुंबईत आले आणि काही वर्षांनी गेले. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ सुरू झाली. कान्होजी आंग्र्यांच्या नावाने आपला ऊर भरून आला, पण कोविडनंतर ती काही टिकली नाही. २०१९ मध्ये ‘जलेश’ कंपनीने ‘कर्णिका’ आणली. पुढच्याच वर्षी कंपनी बंद झाली आणि जहाज तोडणीसाठी अलंगच्या किनाऱ्यावर गेले. सप्टेंबर २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’चे ‘एम्प्रेस’ आले, नोव्हेंबर २०२३ मध्ये इटालियन ‘कोस्टा सेरेना’ही देशांतर्गत फेऱ्यांना आले. यातली ‘कर्णिका’ आणि ‘एम्प्रेस’ ही दोन्ही जहाजे १९९० सालची. म्हणजे मोठ्या कंपन्यांत तीस वर्षे चाकरी करून निवृत्त झालेली आणि आपल्याकडे दुसऱ्या नोकरीला लागलेली. निवृत्तांनी निवृत्त जहाजातून हिंडावे यात मला तरी गैर काही दिसत नाही. जहाज जुने असल्यामुळेच भाडे आवाक्यात राहते. मात्र ज्या धंद्यात कंपन्या अशा येतात-जातात, तिथे वर्षभर आधी पूर्ण पैसे भरून सवलतीच्या आनंदात राहणे बरे नाही. थोडे महाग पडले तरी चालेल, पण निघायच्या तोंडावर घ्यावे.

ते – हे सगळं ठीक आहे, पण मूळ हिशेब तू टाळतेस. माझे पंधरा लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आहेत. ८.२ टक्क्यांनी वर्षाला १,२३,००० व्याज येतं. तुला ते उत्पन्न वाटतं. मला नाही वाटत. महागाई पाच टक्के धरली तर माझी मुद्दल दर वर्षी ७५,००० रुपयांनी झिजते. ती झीज भरून काढली तर खरं उत्पन्न उरतं ४८,०००. दोन वर्षांतून एकदा तुझी बोट म्हणजे वर्षाला २५,०००. माझ्या खऱ्या मिळकतीतला अर्ध्याहून जास्त पैसा समुद्रात.

त्या – कारखान्याच्या पेन्शनचं काय?

ते – ती पेन्शन? पंधरा हजारांच्या वर पगार धरतच नाहीत. त्या योजनेत पस्तीस वर्षं भरली असती तरी साडेसात हजारांच्या आसपास. औषधांना पुरते, एवढंच.

गृहस्थांचा हा हिशेब चोख आहे, आणि सहलींच्या जाहिरातीत तो कधीच छापला जाणार नाही. व्याज हे उत्पन्न आहे असे समजून चालणारी पुष्कळ निवृत्त घरे दर वर्षी नकळत थोडी थोडी मुद्दल खात असतात. पाच टक्क्यांच्या महागाईत चौदा-पंधरा वर्षांनी त्या पंधरा लाखांची किंमत निम्म्यावर येते, आणि तेव्हा गृहस्थ ८२ वर्षांचे असतील. आरोग्यावरचा खर्च नेमका त्याच वयात अंगावर येतो. म्हणून ‘व्याजातून फिरा’ हा सल्ला मी देणार नाही. पण या घरात दुसरी मिळकत आहे, तिच्याकडे गृहस्थांनी सोयीस्कर डोळेझाक केली. अनुदानित शाळेच्या पेन्शनवर महागाई वाढ मिळते. ती महागाईला पुरी पडत नसेलही, पण तिच्यामागे धावत तरी राहते. पोस्टातली मुद्दल जागची हलत नाही. मग झिजणाऱ्या पैशाला हात लावू नये आणि वाढणाऱ्या पैशातून महिन्याला दोन हजार शंभर रुपये वेगळे काढावेत. दोन वर्षांत पन्नास हजार होतात. बाईंनी इतकी वर्षे भिशी चालवली असेल, तर या आकड्याने त्यांना घाम फुटू नये.

त्यापुढचा प्रश्न असा की हे पैसे आत्ताच का खर्चायचे, पुढे का नाही? रुपया वर्षाला पाच टक्क्यांनी झिजतो हे गृहस्थांनी पक्के मांडले. गुडघे किती टक्क्यांनी झिजतात ते मांडायला ते विसरले. ६७ व्या वर्षी जहाजाचा जिना चढता येतो, लक्षद्वीपला जहाज दूर उभे राहिले की लहान होडीत उतरता येते (पडावाची गाठ तिथे पुन्हा पडतेच), रात्री डेकवर वाऱ्यात उभे राहता येते. तीच फेरी ७८ व्या वर्षी तेवढ्याच पैशात मिळाली तरी तिच्यातला अर्धा माल शरीर परत करते. प्रवासासाठी राखलेल्या पैशाची खरी किंमत बँकेतल्या पैशापेक्षा वेगाने घसरते, कारण तो खर्च करणारे यंत्रच जुने होत असते. हॉस्पिटलासाठीचा पैसा राखायचाच. त्याला प्रवासाच्या पैशात मिसळू नये एवढेच. दोन्ही एकाच डब्यात ठेवले की प्रवासाचा पैसा नेहमी हॉस्पिटलाच्या धाकाने गप्प बसतो आणि शेवटी कुठल्याच कामाला येत नाही.

ते – बरं, खर्चू. पण मग त्याच पैशात आठ दिवसांची सहल होईल. राजस्थान होईल. बोटीवर करायचं काय? दोन दिवस नुसतं पाणी बघायचं?

त्या – जन्मभर नळाला पाणी कधी येतं याची वाट बघितली. आता दोन दिवस नुसतं पाणी बघू द्या की.

हा आक्षेप दिसतो तेवढा हलका नाही. मराठी मध्यमवर्गाला सहल म्हणजे स्थळे हवी असतात. पैसे वसूल झाले की नाही ते किती देवळे, किती किल्ले, किती पॉइंट झाले यावर ठरते. सहा-सात-आठ हे सहलीतले गणित आपल्याला पाठ आहे : सहाला उठायचे, सातला नाश्ता, आठला बस. सहलीच्या धंद्याने मराठी माणसाला जग दाखवले हे खरे, त्याचे श्रेय काढून घेण्याचे कारण नाही. पण ज्याने पस्तीस वर्षे पाचला उठून लोकल गाठली, त्याला निवृत्तीनंतरही घड्याळाच्या काट्यावर पळायला लावणारी सहल विश्रांती देत नाही. ती नोकरीचीच दुसरी आवृत्ती असते. आठ दिवसांत पाच हॉटेले म्हणजे बॅग पाच वेळा उघडायची, पाच वेळा भरायची, आणि हे काम बहुतेक घरांत एकच माणूस करतो. जहाजावर ती एकदाच उघडते. खोली जागेवर राहते आणि गावे सरकतात. बाईंच्या हिशेबात आणखी एक ओळ आहे, ती त्या बोलून दाखवत नाहीत : सकाळी काय करू, दुपारी काय करू, हे दोन दिवस कुणी विचारणार नाही. भाड्यात सगळे जेवण आलेले असते, भारतीय फेऱ्यांवर शाकाहारी आणि जैन जेवणही मिळते. चाळीस वर्षांच्या स्वयंपाकाची दोन दिवसांची रजा किती रुपयांची, याचे उत्तर गृहस्थांच्या कागदावर नाही. त्यांना तो रकाना आखायचे सुचलेच नव्हते.

आता खरी भये. जहाजावर डॉक्टर असतो, छोटा दवाखाना असतो, पण हृदयविकाराचा झटका आला तर जहाज हे अतिदक्षता विभाग नव्हे. डोंबिवलीत मोठे हॉस्पिटल रिक्षाच्या अंतरावर असते, समुद्रावर ते पुढच्या बंदरात असते. सत्तरीपुढच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये पाच लाखांचे कवच मिळाले, सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी गेला. या दोन्ही गोष्टी किनाऱ्यावर उपयोगाच्या, जहाजाच्या दवाखान्यातले बिल मात्र जागेवर भरावे लागते. शिवाय हजार-दोन हजार माणसे एका छताखाली जेवतात-झोपतात तिथे साथ झपाट्याने पसरते. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामाला अडकून पडलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’वर ३,७११ माणसांपैकी सातशेंहून अधिक बाधित झाली. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या ‘कॉर्डेलिया’वर ६६ जण बाधित निघाले आणि जहाज परत फिरवावे लागले. इथे गृहस्थांचे म्हणणे मी पूर्ण मान्य करतो, आणि म्हणूनच पाच-सहा रात्रींच्या मोठ्या फेरीच्या मोहात पहिल्यांदा पडू नये असे मला वाटते. दोन रात्रींची किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी फेरी, प्रवास विमा, नेहमीच्या गोळ्या दुप्पट दिवसांच्या. ज्यांचे हृदय किंवा मूत्रपिंड आधीच कुरकुरते आहे त्यांनी तेही करू नये. त्यांना मांडव्याची रो-रो आहे, भाऊच्या धक्क्यावरूनच सुटते, तासाभरात पलीकडे नेते.

नैतिक आक्षेपांपैकी जुगाराचा मी दोन वाक्यांत सोडून देईन. कॅसिनोच्या दारातून जाणे सक्तीचे नाही, आणि ज्याने गटारीच्या गर्दीतून डोंबिवलीच्या फडके रोडने सरळ घर गाठले त्याला तेवढा संयम जमेल. धुराचा आक्षेप मात्र खरा आहे. पर्यटक जहाज म्हणजे चालते हॉटेल. दर प्रवाशामागे, दर किलोमीटरला ते विमानापेक्षाही जास्त कार्बन सोडते असे अभ्यास सांगतात. २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकावर अर्ध्या टक्क्याची आंतरराष्ट्रीय मर्यादा आली; त्याने हवा थोडी स्वच्छ झाली, कार्बन कमी झाला नाही. दोन वर्षांतून एकदा दोन रात्री, आणि बंदरापर्यंत लोकलने, एवढ्याने हे पाप धुतले जाते असा दावा मी करणार नाही. ते छोटे आहे एवढेच म्हणेन. खालच्या मजल्यांवर महिनोन्‌महिने राबणाऱ्या खलाशांचा प्रश्नही आहेच. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ‘मुलगा बोटीवर आहे’ हे वाक्य अभिमानाने सांगितले जाते, त्यामागचे कष्ट पाहुण्याला दिसत नाहीत. निदान बक्षिशीच्या रकमेवरून तरी घासाघीस करू नये.

सर्वांत टोकदार आक्षेप गृहस्थांनी घेतलेला नाही, तो मीच घेतो. हा सगळा हिशेब ज्या घरात महागाईबरोबर वाढणारी एक पेन्शन आहे त्या घराचा झाला. त्याच सोसायटीत, त्याच वागळे इस्टेटमधून निवृत्त झालेला दुसरा माणूस असा असतो की कर्मचारी पेन्शन योजनेचे हजार-दोन हजार रुपये हीच त्याची नियमित मिळकत. योजनेतले किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून एक हजारच आहे. त्याला मंगळवारची फेरी आणि आतली खोली सांगणे ही थट्टा होईल. माझा युक्तिवाद इथे अडतो आणि मला मागे, डेकच्या तिकिटाकडे नेतो. म्हाताऱ्यांचा प्रवास ही सार्वजनिक पैशाने सांभाळण्यासारखी गोष्ट आहे, हे सरकारला तत्त्वतः मान्य आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी. फुकट आहे, २०२४ पासून तीर्थदर्शनासाठी माणशी तीस हजारांपर्यंत खर्च करणारी योजना आहे. मार्च २०२० मध्ये काढून घेतलेली रेल्वेची ज्येष्ठ सवलत हा उलटा अपवाद. पाण्यावर मात्र हे तत्त्व थांबते. वास्तविक चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून अंदमानला जाणाऱ्या सरकारी बोटींत बंक वर्ग आहे, कोचीहून लक्षद्वीपला जाणाऱ्या बोटींतही साधी तिकिटे मिळतात. बेटांना जे मिळते ते कोकणाला एकेकाळी मिळत होते. २०२५ मध्ये भाऊचा धक्का ते जयगड आणि विजयदुर्ग अशी रो-रो जाहीर झाली, तेव्हा तिचे सर्वांत कमी भाडे अडीच हजार सांगितले गेले. वेग मोठा, बोट चकचकीत. पण वळकटीवाल्याचा तिच्यातही विचार नाही. आणि ज्या कल्याणचे बंदर दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवर्णनात नोंदले आहे, १६५७ मध्ये जे घेतल्यावर शिवाजी महाराजांनी दुर्गाडीखालच्या खाडीत जहाजे बांधायला घेतली, त्या कल्याणहून ठाण्यामार्गे मुंबईला पाण्याने जायची वाट २०१६ पासून राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ म्हणून कागदावर आहे. आपल्या गावाने पाण्याकडे पाठ फिरवली आणि मग पाणी पाहायला पन्नास हजार साठवू लागले. बाईंनी ते साठवावेत असेच मी म्हणेन; पण त्यांच्या शेजाऱ्याला डेकचे तिकीट मिळेपर्यंत हा वाद मिटला असे म्हणणार नाही.

त्या – मग, ठरलं का? आतली खोली, मंगळवार, माझ्या पेन्शनमधून.

ते – आतल्या खोलीत खिडकी नाही म्हणतेस. कोंदट होईल.

त्या – खोली सामानाला. आपण वर डेकवर बसू. रात्रभर बसू. कोण उठवणार आहे?

ते – रात्री वारा लागेल... आमची आजी डेकवर झोपायची तेव्हा घोंगडी न्यायची.

त्या – शाल घेऊ.

ते – शालीनं काय होतंय. वळकटी नेऊ देतात का, तेवढं फोन करून विचार.